‘शार्लट्स वेब’मधील प्राणी आणि शार्लटचा मृत्यू : वर्गात हे दोन्ही कसे हाताळावे?

आपण पाचवीच्या मुलांबरोबर ई. बी. व्हाइट यांची ‘शार्लट्स वेब’ ही कादंबरी वाचत आहात. मुले रमली आहेत, परंतु प्राणी पात्रांविषयी लिहायला सांगितले की सगळ्या वह्यांमध्ये तीच तीन वाक्ये येतात : कोळीण शार्लट प्रेमळ आहे, डुकराचे पिल्लू विल्बर भोळा आहे, उंदीर टेम्पलटन स्वार्थी आहे. त्यातच एका पालकांनी शार्लटच्या मृत्यूचे प्रकरण वर्गात वाचू नये अशी सूचना केली आहे. मुलांना या पात्रांच्या खोलात कसे न्यावे आणि ते प्रकरण वगळावे का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. या वयाच्या मुलांचे वाचनवर्ग मी बरीच वर्षे घेत आले आहे आणि ही कादंबरी त्यांत पुन्हा पुन्हा वाचली आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिल्याचे उत्तर नीट सापडले की दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी त्यातूनच मिळते.

मुलांची ती तीन वाक्ये चुकीची नाहीत, हे आधी मान्य करू. आपल्या मुलांनी प्राणी प्रथम पाहिलेले असतात ते पंचतंत्रात, इसापाच्या गोष्टींत आणि चिऊ-काऊच्या कथेत. तिथे कोल्हा धूर्त असतो, कारण गोष्टीला धूर्तपणाची गरज असते. तो काय खातो, कुठे राहतो, किती वर्षे जगतो याच्याशी गोष्टीला कर्तव्य नसते. अशा कथांमध्ये ‘या प्राण्याचा स्वभाव कोणता?’ हा प्रश्न पुरतो. व्हाइट यांची कादंबरी मात्र वेगळ्या पायावर उभी आहे. त्यांनी गोठ्यातल्या प्राण्यांना बोलता येऊ दिले, पण त्याच्या मोबदल्यात त्यांचे प्राणीपण काढून घेतले नाही. भूक, शरीर, सवयी आणि आयुष्याची मुदत, सारे जसेच्या तसे ठेवले. म्हणून इथे स्वभावापासून सुरुवात केली की हाती फारसे लागत नाही. ‘हा प्राणी कसा जगतो?’ येथून सुरुवात केली, तर स्वभाव आपोआप उलगडत जातो आणि तो एका शब्दात मावेनासा होतो.

प्राण्यांच्या सगळ्याच कादंबऱ्या अशा वाचाव्यात, असे माझे म्हणणे नाही. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ सालच्या ‘द विंड इन द विलोज’मधला बेडूकराव मोटार चालवतो आणि धोबिणीचे कपडे घालून तुरुंगातून निसटतो, तिथे बेडकाच्या आहाराची चौकशी करण्यात अर्थ नाही. कोणत्या पुस्तकाला कोणता प्रश्न विचारायचा, हे त्या पुस्तकाने घालून घेतलेल्या नियमांवर ठरते.

व्हाइट यांचे नियम इतके कडक का आहेत, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की समजते. मेन राज्यातल्या नॉर्थ ब्रुकलिन या गावी त्यांचे शेत होते. ते त्यांनी १९३३ मध्ये विकत घेतले आणि १९३८ पासून ते तिथे राहू लागले. मेंढ्या, कोंबड्या, हंस आणि डुकरे त्यांनी स्वतः पाळली होती. वसंतात पिल्लू आणायचे, उन्हाळाभर खाऊ घालायचे आणि थंडी पडली की मांसासाठी कापायचे, ही तिकडच्या शेतकरी घरांतली नेहमीची पद्धत ते स्वतःही पाळत. एकदा असेच एक डुक्कर आजारी पडले, त्याला वाचवण्यासाठी त्यांनी रात्रंदिवस धडपड केली, तरी ते गेले. त्यावरचा त्यांचा निबंध ‘द अटलांटिक’ मासिकात जानेवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला आपणच मारणार होतो त्याला वाचवण्यासाठी आपण एवढे का झटलो, हा पेच त्या निबंधात आहे आणि कादंबरीचे बीजही बहुधा तिथेच असावे.

कोळ्याची कथाही अशीच प्रत्यक्ष पाहण्यातून आलेली आहे. आपल्या गोठ्यातल्या एका करड्या कोळीणमादीला अंड्यांची पिशवी विणताना त्यांनी पाहिले. ती पिशवी अलगद कापून, मिठाईच्या खोक्यात ठेवून ते न्यूयॉर्कच्या घरी घेऊन गेले. काही आठवड्यांनी त्यातून पिल्ले बाहेर पडली आणि खोलीतल्या आरशाभोवती बारीक धागे ताणू लागली. पुढे लिहायला बसण्यापूर्वी त्यांनी कोळ्यांवरचे ग्रंथ वाचले आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयातले कोळीतज्ज्ञ विलिस गर्ट्‌श यांच्याकडून माहितीची खातरजमा करून घेतली. कादंबरीत शार्लट आपले पूर्ण नाव ‘शार्लट ए. कॅव्हॅटिका’ असे सांगते. त्यातले आडनाव गोठ्यांमध्ये आढळणाऱ्या त्या कोळ्याच्या शास्त्रीय नावावरून आलेले आहे. कादंबरी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्गात ही हकीकत मी पुस्तक अर्धेअधिक वाचून झाल्यावर सांगते. आधी सांगितली तर मुले कथा सोडून माहिती शोधत बसतात.

आता शार्लटकडे वळू. ‘शार्लट प्रेमळ आहे’ असे लिहिणाऱ्या मुलांना मी पाचव्या प्रकरणाकडे परत नेते. त्या प्रकरणात विल्बरची आणि तिची पहिली भेट होते आणि त्याच भेटीत ती त्याच्यासमोर एक माशी गुंडाळते, तिला दंश करून बधिर करते आणि आपण कीटकांचे रक्त पितो, ते आपल्याला आवडते, असे स्वच्छ सांगते. विल्बर हादरतो, हे क्रूर आहे असे म्हणतो. त्यावर शार्लट ना लाजते, ना चिडते. तिचे म्हणणे असे की, तुला बादलीतून आयते जेवण मिळते, मला कोणी आणून देत नाही. माझी आई, आजी, पणजी अशाच जगल्या. आणि कोळ्यांनी कीटक पकडले नाहीत तर ते बेसुमार वाढतील. या जागी मी मुलांना थांबवते आणि विचारते : ही अजूनही प्रेमळ आहे का? वर्गात वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. काही मुले म्हणतात, ती मित्रांशी चांगली आणि माशांशी वाईट आहे. काही म्हणतात, पोट भरणे म्हणजे वाईटपणा नव्हे. उत्तर मी देत नाही, कारण पुढे काय होते ते मुलांनीच पाहावे असे मला वाटते.

पुढे जे होते ते या कादंबरीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे बांधकाम आहे. विल्बरला नाताळच्या सुमारास कापणार, ही बातमी म्हातारी मेंढी देते. शार्लट त्याला वाचवण्याचे वचन देते आणि मग जाळ्याच्या टोकाशी डोके खाली करून विचार करत लटकून राहते. तिला सुचलेला उपाय असा : कीटकाला फसवता येते, तर माणसालाही फसवता येईल. म्हणजे जाळ्यात शब्द विणून विल्बरचा मालक झुकरमन याला चकित करण्याची तिची युक्ती हे तिच्या शिकारीचेच दुसरे रूप आहे. शिकारीसाठी लागतात तेच सापळा रचण्याचे कौशल्य, तेच रेशीम, तोच वाट पाहण्याचा धीर ती मित्रासाठी वापरते. ज्या गुणामुळे विल्बर पहिल्या दिवशी घाबरला, त्याच गुणाने त्याचा जीव वाचतो. हे मुलांनी स्वतः जोडले की ‘प्रेमळ’ हा शब्द त्यांना अपुरा वाटू लागतो. मग त्यांच्या वह्यांत ‘ती हुशार शिकारी आहे आणि तिने आपली हुशारी मित्रासाठी वापरली’ अशी वाक्ये येऊ लागतात. त्यात मुलांनी केलेला विचार दिसतो.

विल्बरच्या बाबतीत मुले ‘भोळा’ म्हणून थांबतात. डुक्कर हा कळपात राहणारा प्राणी आहे, एवढी माहिती दिली की चौथे प्रकरण वेगळे दिसू लागते. पावसाच्या दिवशी विल्बर हंसिणीला खेळायला बोलावतो, पण ती अंडी उबवत असल्यामुळे उठू शकत नाही; कोकराला डुकरांत रस नसतो; टेम्पलटनला खेळणे ठाऊकच नसते. समोर खाणे असून विल्बर ते खात नाही. खादाड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याने खाणे टाळावे, यातून त्याचे एकटेपण व्हाइट दाखवतात. तोच विल्बर पुढे शेपटीला दोरी बांधून, उकिरड्यावरून उडी मारून जाळे विणू पाहतो आणि आपटतो. रेशीम सोडणारे अवयव त्याच्यापाशी नाहीत, हे शार्लट त्याला शांतपणे समजावते. डुकराला कोळी होता येत नाही. शेवटी त्याच्या हातून जी एकमेव मोठी गोष्ट होते, म्हणजे शार्लटच्या अंड्यांची पिशवी तोंडात, जिभेवर सांभाळून घरी नेणे, ती मात्र डुकराच्या मोठ्या तोंडामुळेच शक्य होते.

टेम्पलटनवर थोडे अधिक थांबावे, कारण खरा गोंधळ त्याच्याविषयी असतो. लेखक स्वतःच सांगतात की या उंदराला नीती नाही, विवेकाची टोचणी नाही, कोणाविषयी माया नाही. म्हणजे मुलांनी त्याला स्वार्थी म्हणणे पुस्तकाला धरूनच आहे. तथापि वर्गात मी एक यादी करून घेते : टेम्पलटन नसता तर काय काय घडले नसते? मग बाहेर येते की त्याने साठवलेले हंसिणीचे नासके अंडे फुटते, त्या दुर्गंधीने शार्लटला पकडायला आलेला एव्हरी (विल्बरला लहानपणी सांभाळणाऱ्या फर्न या मुलीचा भाऊ) पळतो आणि शार्लट वाचते. जाळ्यात विणायचे काही शब्द टाकून दिलेल्या कागदांतून आणि खोक्यांवरच्या छापील मजकुरातून तोच आणतो. जत्रेत विल्बर बेशुद्ध पडतो, तेव्हा त्याची शेपटी चावून त्याला शुद्धीवर आणणारा तोच. अखेरीस छताजवळ लावलेली अंड्यांची पिशवी दातांनी सोडवून आणणाराही तोच. आणि यातले जवळजवळ प्रत्येक काम तो काही तरी मिळणार म्हणून करतो. म्हातारी मेंढी त्याला पटवते ते तत्त्वज्ञान सांगून नव्हे : विल्बर मेला तर त्याची डोण रिकामी राहील आणि तुझे उरलेसुरले खाणे जाईल, हा तिचा मुद्दा असतो. पिशवी आणण्यासाठी विल्बरला वचन द्यावे लागते की यापुढे डोणीतले पहिले खाणे टेम्पलटनचे.

महत्त्वाची गोष्ट अशी की व्हाइट यांनी शेवटीही टेम्पलटनला सुधारलेले नाही. बालसाहित्यात दुष्ट पात्राचे हृदयपरिवर्तन करण्याचा मोह मोठा असतो. त्यांनी तो आवरला. टेम्पलटन अखेरच्या प्रकरणात अधिक लठ्ठ झालेला आहे, एवढाच फरक. उंदीर माणसाच्या टाकलेल्यावर जगतो, रात्री हिंडतो, साठवतो, कुरतडतो, चढतो, आणि गोठ्याला नेमक्या याच कौशल्यांची गरज पडते. मुलांना मी सांगते की चांगले काम आणि चांगला हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकत्र राहायचे तर कधी कधी हेतू नसलेल्याकडूनही काम करून घ्यावे लागते. दहा वर्षांच्या मुलांना हे समजते. त्यांच्या वर्गात, घरात, गल्लीत त्यांनी ते पाहिलेले असते.

हंसीण आणि मेंढी यांच्यावर फार वेळ घालवू नये. मेंढीविषयी एकच गोष्ट दाखवावी : नाताळची बातमी तिलाच का ठाऊक? कारण लोकरीसाठी पाळलेली मेंढी गोठ्यात वर्षानुवर्षे राहते आणि दर वसंतात आलेले डुकराचे पिल्लू हिवाळ्यात नाहीसे होताना तिने पाहिलेले असते. तिचे ज्ञान तिच्या दीर्घ आयुष्यातून आलेले आहे.

इथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. वर्गात मी फळ्यावर प्रत्येक प्राण्याच्या आयुष्याची मुदत लिहून घेते. मेंढीची मुदत अनेक वर्षांची. विल्बर वसंतात जन्मलेला, माणसांच्या हिशेबाने नाताळपर्यंतचा. शार्लटची मुदत शरद ऋतूपर्यंतची, कारण या जातीच्या कोळ्यांच्या माद्या थंडीच्या तोंडावर अंडी घालतात आणि मरतात. अंडी हिवाळाभर पिशवीत राहतात आणि वसंतात पिल्ले बाहेर पडतात. हे लिहून झाल्यावर मुलांना आपसूक दिसते की शार्लट आणि विल्बर या दोघांचेही आयुष्य साधारण एका हंगामापुरतेच आहे. फरक आहे तो मृत्यूच्या कारणात. विल्बरचा मृत्यू माणसांनी ठरवलेला आहे, आणि जे माणसाने ठरवले ते माणसाचे मन बदलून टाळता येते. पहिल्याच प्रकरणात अशक्त पिल्लाला मारायला कुऱ्हाड घेऊन निघालेल्या वडिलांना फर्न हुज्जत घालून अडवते. पुढे तेच काम शार्लट जाळ्यातून करते. शार्लटचा मृत्यू मात्र कोणी ठरवलेला नाही. त्या मृत्यूविरुद्ध युक्ती चालत नाही, कारण फसवायला समोर कोणीच नाही. दुसऱ्याचा टाळण्याजोगा मृत्यू ती टाळते आणि स्वतःचा न टाळण्याजोगा मृत्यू स्वीकारते. कादंबरीचा सारा भार या फरकावर उभा आहे.

म्हणूनच ते एकविसावे प्रकरण वगळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वगळले तर मुलांपर्यंत पोहोचते ती एवढीच गोष्ट की हुशारीने मृत्यू हरवता येतो. पुस्तक असे म्हणत नाही, आणि जीवनही तसे नाही. शिवाय मुले फसत नाहीत. पुढच्या प्रकरणात शार्लट कुठे गेली, हे ती विचारतातच, आणि मग आपल्याला तिच्याविषयी खोटे सांगावे लागते.

तरीही त्या पालकांची काळजी बाजूला सारू नका. काय करावे हे वर्गातल्या मुलांवर अवलंबून आहे. नुकतेच घरातले कोणी गेलेले मूल वर्गात असेल, तर त्याच्या पालकांशी आधी बोलून घ्यावे, हवे तर त्या मुलाला ते प्रकरण घरच्या माणसाबरोबर वाचू द्यावे. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मी हे पुस्तक सहसा घेत नाही. मृत्यूमुळे नव्हे, तर इतके लांब पुस्तक आठवडेच्या आठवडे मनात धरून ठेवणे त्यांना जड जाते म्हणून. ज्यांच्या घरी बकरे किंवा कोंबडी पाळून कापली जाते अशी मुले वर्गात असतील, तर त्यांच्या घरांवर कोणी निर्दयपणाचा शिक्का मारणार नाही याची दक्षता घ्यावी. ज्या घरांत डुक्कर वर्ज्य मानतात, तिथल्या मुलांची थट्टा होऊ नये याकडेही तितकेच लक्ष असावे. फर्नचे वडील पुस्तकात वाईट माणूस म्हणून येत नाहीत. व्हाइट यांनी स्वतः डुकरे पाळून कापली होती, हे इथे मुलांना अवश्य सांगावे.

प्रत्यक्ष वाचनाची माझी पद्धत अशी आहे. ते प्रकरण सकाळच्या तासाला घ्यावे, शेवटच्या तासाला किंवा शनिवारी नाही, म्हणजे मुले ते दुःख एकटीने घरी घेऊन जात नाहीत. शार्लट जत्रेच्या ओस पडलेल्या मैदानात मरते आणि त्या वेळी तिच्याजवळ कोणीही नसते, हे लेखकाने अगदी साध्या वाक्यात सांगितले आहे. ते वाक्य आवाजात कंप न आणता वाचावे आणि त्यानंतर लगेच समजूत घालू नये. काही मुले रडतील, काही शांत बसतील, एखादे चुळबुळ करेल. सारे चालू द्यावे. ‘विल्बरने तिला उचलून घरी का नेले नाही?’ हा प्रश्न बहुधा येतोच. त्याचे उत्तर पुस्तकातच आहे : तिच्यात हलण्याचेही त्राण उरलेले नव्हते, आणि घरी नेली असती तरी तिचा हंगाम संपलेला होता. शेवटचे प्रकरण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वाचावे, आठवडा मध्ये जाऊ देऊ नये. ५१४ अंड्यांतून निघालेली पिल्ले धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर निघून जातात तेव्हा विल्बर पुन्हा कोसळतो, आणि मग तीन पिल्ले मागे राहतात. कोळ्यांची पिल्ले खरोखरच अशी वाऱ्यावर पसरतात, हे कळले की मुलांना ते दृश्य अधिक विश्वासार्ह वाटते.

पावसाळा संपत आलेला असेल तर आणखी एक करता येईल. आपल्याकडे बागेत, कुंपणाच्या झुडपांवर एक मोठा कोळी दिसतो, जो जाळ्याच्या मध्यभागी पांढरी नागमोडी वीण घालतो. तो शार्लटच्याच कुळातला आहे. मुलांना त्याच्यासमोर, हात न लावता, दहा मिनिटे नुसते उभे करा. कादंबरीतले डॉक्टर डोरियन म्हणतात की जाळ्यात शब्द उमटले याचे सर्वांना नवल वाटले, पण मुळात जाळे हेच नवल आहे, कोणी न शिकवता कोळ्याला ते विणता येते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रत्यक्ष जाळे पाहिलेल्या मुलांना त्या बोलण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

राहिला लेखी प्रश्नाचा भाग. ‘टेम्पलटनचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न दिलात, तर तीच तीन वाक्ये परत येतील. त्याऐवजी ‘उंदीर असल्यामुळे टेम्पलटनला जे जमले आणि गोठ्यातल्या इतर कोणालाही जमले नसते, असे एक काम निवडा आणि ते त्याने का केले ते लिहा’ असा प्रश्न द्यावा. शार्लटसाठी ‘माशी पकडणे आणि विल्बरला वाचवणे यांत कोणते साम्य आहे?’ असे विचारावे. गुण देताना मुलाने शार्लटला चांगली म्हटले की वाईट, हे पाहू नये. पुस्तकातल्या कोणत्या प्रसंगाच्या आधारे म्हटले, तेवढेच पाहावे.